अश्राफ, अजलाफ, पसमांदा : पंथ की जात?

‘अश्राफ, अजलाफ आणि पसमांदा हे शिया-सुन्नींसारखे मुसलमानांचे पंथ आहेत का, आणि नसतील तर मराठीत त्यांना काय म्हणावे?’ अशी पृच्छा आहे. ते पंथ नाहीत. भारतीय मुसलमानांच्या सामाजिक उतरंडीशी निगडित अशी ती नावे असून त्यांच्यासाठी ‘थर’ हा शब्द पुरेसा आहे. थरातील एकेका समूहाला मात्र ‘जात’ किंवा ‘बिरादरी’च म्हणावे लागते.

‘पंथ’ हा शब्द ‘फिरका’ आणि ‘मसलक’ यांच्यासाठी राखून ठेवावा. शिया आणि सुन्नी हे फिरके. देवबंदी, बरेलवी, अहले हदीस हे सुन्नींमधील मसलक. हनफी, शाफई या इस्लामी कायद्याच्या परंपरांना अरबीत ‘मजहब’ म्हणतात, परंतु मराठी वाचक त्याचा अर्थ ‘धर्म’ असाच घेणार, म्हणून तेथे ‘विधिसंप्रदाय’ लिहिलेले बरे.

थरांची नावे निराळ्या मुशीतली आहेत. ‘अश्राफ’ हे ‘शरीफ’चे अनेकवचन, त्यात सय्यद, शेख, मोगल, पठाण असे परदेशी कुळाचा दावा सांगणारे येतात. ‘अजलाफ’ म्हणजे रांगडे, असंस्कृत. विणकर, पिंजारी यांसारख्या कसबी जाती त्यात ढकलल्या गेल्या. त्याखालचे ‘अरजल’ म्हणजे नीच. १९०१च्या बंगालच्या जनगणनेत हे तिन्ही वर्ग नोंदले आहेत आणि हलालखोर, लालबेगी या सफाईकाम करणाऱ्या जातींना तेथे अरजलांत घातले आहे. शेवटचे दोन शब्द वरच्यांनी खालच्यांना लावलेली दूषणे आहेत, स्वतःची ओळख म्हणून ते कोणी सांगत नाही. त्यामुळे अवतरणचिन्हांवाचून ते वापरू नयेत, असे माझे मत आहे.

जात आणि पंथ एकमेकांना छेदून जातात. सय्यद शियांत आहेत तसे सुन्नींतही आहेत. विवाहविषयक जाहिरातीत ‘सुन्नी, अन्सारी’ असे दोन शब्द शेजारी येतात, त्यांतला पहिला पंथ सांगतो आणि दुसरा बिरादरी. अन्सारी हे नाव विणकरांनी, कुरेशी हे खाटकांनी आणि मन्सुरी हे पिंजाऱ्यांनी घेतले. अरबी नावाने प्रतिष्ठा वाढते, ही खटपट जुनीच आहे. ‘गेल्या वर्षी विणकर होतो, यंदा शेख झालो, पीक चांगले आले तर पुढच्या वर्षी सय्यद होऊ’ अशा आशयाची म्हण उत्तर हिंदुस्थानात उगाच पडलेली नाही. इस्लाममध्ये जातीला आधार नाही हे खरे असले, तरी हनफी शास्त्रात वधूवरांची ‘कुफू’, म्हणजे बरोबरी, पाहताना वंश आणि व्यवसायही पाहिले जातात, तर मालिकी या दुसऱ्या विधिसंप्रदायाने धार्मिकतेवर भर दिला आहे. म्हणजे एवढ्यापुरता विधिसंप्रदायाचा जातीशी संबंध येतो.

‘जात’ या शब्दाचीही येथे एक गंमत आहे. मराठी ‘जात’ संस्कृत ‘जाति’पासून आली, तर उर्दू ‘ज़ात’ मुळात अरबी असून तिचा अर्थ ‘स्वत्व’ असा आहे. ‘जातमुचलका’ यातील जात ही दुसरी, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर दिलेला मुचलका. उच्चार जुळल्याने उर्दूत दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिसळले.

‘पसमांदा’ मात्र फारसी आहे : ‘पस’ म्हणजे मागे, ‘मांदा’ म्हणजे राहिलेला. मागास मुसलमानांनी, म्हणजे ‘अजलाफ’ आणि ‘अरजल’ म्हटल्या गेलेल्यांनी, तो स्वतः स्वीकारला आणि १९९८मध्ये बिहारात पत्रकार अली अन्वर यांनी स्थापलेल्या ‘पसमांदा मुस्लिम महाज’ या संघटनेमुळे तो रूढ झाला. महाराष्ट्रात बागवान, अत्तार, मोमीन, छप्परबंद यांच्यासाठी ‘मुस्लिम ओबीसी’ हेच अधिक ऐकू येते. तथापि हे दोन शब्द सर्वस्वी समानार्थी नाहीत, कारण पसमांदा चळवळीत दलित मुसलमानही येतात आणि १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या यादीत मुसलमानांना स्थान नाही. १९५६मध्ये शिखांना व १९९०मध्ये बौद्धांना मिळालेली सवलत त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

लेखनाबाबत एवढेच, की ‘अश्राफ’ असे दीर्घ आकाराने लिहावे. ‘अशरफ’ म्हणजे सर्वांत श्रेष्ठ, आणि ते माणसाचे नावही असते.