औषध मारून आल्यावर गरगरतं, ते उन्हामुळेच का?

प्रश्न: ताई, आमची देवगडजवळ हापूसची कलमं आहेत. मोहोर आला की तुडतुड्यांसाठी दर 15 दिवसांनी औषध मारावं लागतं, गन हे स्वतः धरतात आणि पंपावर दोन गडी असतात. घरी आले की डोकं दुखतं, मळमळतं, जेवण जात नाही. ऊन लागलं म्हणतात आणि झोपतात. तोंडाला रुमाल बांधतात, तेवढं पुरे का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर: नाही हो, रुमाल अजिबात पुरत नाही, उलट तो भिजतो आणि तेच औषध नाकातोंडाला चिकटून राहतं. भाजीवर मारलेलं औषध खाली जातं, पण कलमावर गन वर धरायची म्हणजे तुषार परत येतात ते डोक्यावर, मानेवर, डोळ्यांत. आणि विष पोटात गेलं तरच बाधतं असं लोकांना वाटतं, पण यातली बरीच औषधं कातडीतून आत जातात, त्यामुळे पाठीला चिकटलेला ओला शर्ट हाच मोठा धोका. शर्ट भिजला की तिथेच थांबायचं, साबणाने अंग धुऊन कोरडे कपडे घालायचे, संध्याकाळची वाट बघायची नाही.

टोपी, चष्मा, रबरी हातमोजे आणि औषधाच्या वाफेसाठीचा फिल्टरवाला मास्क घ्याच. यात फार उकडतं, मान्य, म्हणून सकाळी लवकर सुरू करून समुद्रावरचं वारं सुटायच्या आत आटपायचं. मध्येच तंबाखू मळायची नाही, नोझल चोंदला तर तोंडाने फुंकायचा नाही. गड्यांनाही हेच सगळं द्या, बाटलीतलं कडक औषध तेच कालवतात ना!

आता उन्हाचं. डोळ्यांना अंधुक दिसणं, बाहुली बारीक होणं, तोंडाला लाळ सुटणं, स्नायू फडफडणं यातलं काही दिसलं तर ते ऊन नव्हे, औषधाची विषबाधा समजा, झोपू देऊ नका, लगेच 108 ला फोन करा आणि बाटली लेबलसकट डॉक्टरांना दाखवा, औषध कुठल्या गटातलं त्यावर उपचार ठरतो. ऑर्गॅनोफॉस्फेट (मज्जातंतूंवर परिणाम करणारी कीटकनाशकं) गटातलं असेल तर शरीर पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात, आणि तुमची पुढची फवारणी 15 दिवसांवर! म्हणून गन सध्या दुसऱ्या कुणाकडे द्या, तोही नीट सगळं घालूनच, आणि यांना डॉक्टरांकडे नेऊन कोलिनेस्टरेजची (या औषधांमुळे शरीरात काम बंद पडणाऱ्या घटकाची) रक्त तपासणी करायची का ते विचारा.

त्यांचे फवारणीचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नका, वेगळे धुवा, आणि धुताना तुम्हीपण हातमोजे घाला.