कळप, शिवार आणि तंटा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: पश्चिम आफ्रिकेत पशुपालक आणि शेतकरी एकमेकांचे जीव घेतात. हे धार्मिक वैरच ना?

धर्म आणि जमात नंतर येऊन चिकटतात. सुरुवात बहुतेकदा शिवारात होते. पाणवठ्याची जुनी वाट कुणीतरी नांगरतो, कळप उभ्या पिकात शिरतो, चिडलेला शेतकरी दोन गाई कोयत्याने तोडतो. पोलीस एकाचे पैसे घेतात, नाहीतर फिरकतच नाहीत. मग तक्रारीपेक्षा सूड जवळचा वाटतो. म्हणून कुठल्याही हत्याकांडानंतर मी आधी विचारते: पहिल्या नुकसानीचा निवाडा कुणी केला होता का?

प्रश्न: मग मोकळ्या चराईवर सरळ बंदी का घालू नये?

नायजेरियातल्या बेन्वे राज्याने घातली. कायदा नोव्हेंबर 2017 मध्ये लागू झाला. जानेवारी 2018 च्या सुरुवातीलाच गावांवर हल्ले झाले आणि 73 जणांना एकत्र दफन करावं लागलं. हिंसाचार आधीपासूनच होता, सगळा दोष कायद्याचा नाही. पण गोठ्यात जनावरं पाळायला जमीन, वैरण आणि भांडवल लागतं. ते न देता नुसती बंदी घातली, तर कळप थांबत नाहीत, रात्री हाकले जातात.

प्रश्न: आमची संस्था अशा भागात समेटाचं काम सुरू करते आहे. आधी काय करावं?

वाट आणि तारीख ठरवा. कचेरीत नकाशा काढू नका. दोन्हीकडच्या माणसांना घेऊन वाट पायी चाला आणि जिथे एकमत होईल तिथेच खूण रोवा. सोबत फक्त म्हातारे पुढारी नकोत. कळप हाकणारी पोरं हवीत, आणि दूध विकायला शेतकऱ्यांच्या दारी जाणाऱ्या बायकाही हव्यात. कुठे कुरबुर चालू आहे, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

कापणी उरकायच्या आत कळप शिवारात येणार नाही, हेही ठरवून घ्या. आजच्या मालीत, नायजर नदीच्या पूरमैदानात, 19 व्या शतकातल्या मासिना राज्याने पूर ओसरल्यावर कुठला कळप कोणत्या क्रमाने कुरणात शिरेल हे बांधून दिलं होतं.

नुकसान झालंच, तर दुसऱ्या दिवसाच्या आत पंचनामा झाला पाहिजे. पंच दोन्हीकडचे असावेत आणि भरपाईचे दर हंगामाआधीच ठरलेले असावेत. मारलेल्या गाईची किंमतही त्याच तक्त्यात लिहा. एकट्या पिकाचे दर ठेवलेत, तर पशुपालक दुसऱ्या बैठकीला येणार नाहीत.

प्रश्न: खून झालेत तिथे भरपाई देऊन विषय मिटवता येतो का?

नाही. पीक आणि जनावरांचा हिशेब पंचांनी करावा, खुनाचा खटला कोर्टातच चालावा. शांतता करारात खून माफ करून टाकले, की मेलेल्यांची घरं ते कधीच मान्य करत नाहीत. खटला लांबेल, म्हणून तोवर साक्षीदारांना संरक्षण द्या आणि आठवडी बाजाराला दोन्हीकडच्यांना निर्धास्त येता-जाता येईल एवढा करार आधी करून घ्या.