पोह्यांची बशी दाराबाहेरच ठेवा

‘ताई, दोन वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून इंग्लंडमध्ये रेडिंगला आलो. मुलगी दहा वर्षांची. गेले सहा महिने तिचं बोलणं जवळजवळ बंद झालंय. शाळेची वेळ झाली की पोटात दुखतं. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने तपासलं, पोटात काही नाही. शाळेने ऑनलाइन आर्ट थेरपी सुचवलीय. सासूबाई म्हणतात, चित्रं काढून कुणी बरं झालंय का? पुण्यातल्या एक बाई निम्म्या पैशांत करतात, असंही कळलं. काय करू?’

आधी सासूबाईंचं बघू, कारण त्यांची शंका रास्त आहे. आर्ट थेरपी हा शब्द तुम्ही राहता त्याच देशातला. चित्रकार एड्रियन हिल क्षयाच्या सॅनिटोरियममध्ये होते, तिथे चित्रांनी त्यांना तारलं आणि १९४२ मध्ये त्यांनी हे नाव वापरलं. पण २०१२ साली ब्रिटनमध्येच स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. त्यात गटाने केलेल्या आर्ट थेरपीचा नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तेव्हा औषध लागणार असेल तर ते घ्यायचंच, चित्राने त्याची जागा भरत नाही. जीपीकडून कॅम्स, म्हणजे मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेचं रेफरलही मागून ठेवा. रांग लांब असते.

मग चित्राचं काम काय? तुमच्या लेकीला जे तोंडाने सांगता येत नाही, ते सध्या तिचं पोट सांगतंय. थेरपिस्ट तिला सांगायला आणखी एक जागा देते, एवढंच. काळा रंग म्हणजे नैराश्य, मोठे डोळे म्हणजे भीती, असलं कोष्टक कुणी तुमच्यापुढे ठेवलं तर तिथूनच परत फिरा.

पुण्याच्या बाई चांगल्या असतीलही. पण रात्री नऊला मुलगी ढसाढसा रडू लागली, तर पुण्यात तेव्हा पहाटेचा दीड वाजलेला असतो, हिवाळ्यात अडीच. शाळेशी बोलायचं, जीपीला कळवायचं, हे तिथून कसं जमणार? शिवाय ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ ही पाटी कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही, आणि नाव त्यांच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतं. अमेरिकेतल्या वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं, की मूल ज्या राज्यात बसलंय तिथला परवाना सहसा लागतो. आणि सुट्टीत नाशिकला गेल्यावर तिथून सेशन घेता येईल का, हे तिकीट काढण्याआधी विचारा.

आता ऑनलाइनचं. चांगली थेरपिस्ट पहिल्याच भेटीत तुमचा पत्ता आणि घरातल्या मोठ्या माणसाचा नंबर मागेल. मागितला नाही तर मला काळजी वाटेल. लॅपटॉप चेहऱ्यासमोर आणि फोन पुस्तकांच्या थप्पीवरून खाली कागदाकडे, अशी दोन कॅमेऱ्यांची सोय करा. हात कुठे थबकला, काय खोडलं, हे पूर्ण झालेल्या चित्राइतकंच महत्त्वाचं असतं. रंग थेरपिस्ट सांगेल तेच आणा. जलरंग पसरतात, हाताबाहेर जातात. घाबरलेल्या मुलाला सुरुवातीला ते नकोसे होतात, तेलखडू बरा. सेशन रेकॉर्ड होतं का आणि चित्रांचे फोटो कुठे साठवतात, हेही विचारून घ्या. मुलगी स्वतःला इजा करत असेल किंवा तसं बोलत असेल, तर मात्र पडद्यावर विसंबू नका. १११ या आरोग्य हेल्पलाइनवर मानसिक आरोग्याचा पर्याय निवडा, जिवाला धोका असेल तर थेट ९९९ हा आपत्कालीन नंबर.

आपल्या घरांत खरी अडचण दाराची असते. आई पोह्यांची बशी घेऊन आत जाते, आजोबांचा नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल येतो, बाबा ‘दोन मिनिटं चार्जर घेतो’ म्हणतात. पाऊण तास दार बंद म्हणजे बंद. पोहे बाहेर ठेवा, गार झाले तरी चालतील.

आणि चित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ‘छान काढलंस’सुद्धा म्हणू नका, कारण पुढच्या वेळी ती छान काढायला बसेल. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझी भाची अशीच थेरपी घेत होती. एकदा मी तिच्या घरी असताना तिने घर काढलं होतं. कौलं, कुंड्या, खिडकीत मांजर. मी सहज म्हटलं, ‘अगं, दार राहिलं की!’ तिने माझ्याकडे पाहिलं, तपकिरी खडू उचलला आणि मुकाट्याने दार काढून दिलं. माझ्यासाठी. त्या आठवड्यात थेरपिस्टपुढे गेलं ते माझं चित्र होतं.