दर महिन्याला एक हप्ता बुडतोय, मेजर

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून २४ वर्षांच्या नोकरीनंतर ऑगस्ट २००७ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. भरतीला शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, होतो. निघताना मेडिकल बोर्डाने बी.पी.चा आजार कायमचा ३० टक्के धरला, पण 'सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही' असा शेरा मारला. कारण काय, तर आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या नेमणुकीवर, सापडला. त्याच्या आधीची पावणेतीन वर्षे मी काश्मीरमध्ये होतो. २००८ साली डिसॅबिलिटी (अपंगत्वाची) पेन्शन नाकारल्याचे पत्र आले, मी गप्प बसलो. आता एक एजंट म्हणतो, २००७ पासूनची सगळी थकबाकी काढून देतो, त्यातले ४० टक्के माझे. नोटरीचा कागद तयार आहे. सही करू का?
– माजी सैनिक, सातारा जिल्हा

उत्तर : मेजर, (तुमच्याकडे निवृत्त फौजीला रँक न विचारता मेजरच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो) सही करू नका.

१८७१ चा पेन्शन कायदा अजून जिवंत आहे. हातात पडायच्या आधीच पेन्शनचा वाटा दुसऱ्याच्या नावे करून देणारा कागद त्याच्या कलम १२ प्रमाणे रद्दबातल ठरतो. एजंटाचे सोडा, निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला वकिलालाही मनाई आहे. आणि ज्या १८-१९ वर्षांच्या थकबाकीचे ४० टक्के तो मागतोय, ती थकबाकी बहुतेक मिळणारच नाही. त्याकडे येतो, आधी दाव्यात दम किती ते पाहू.

दम आहे. तुम्ही २००७ मध्ये निघालात, म्हणून तुम्हाला डिसॅबिलिटी पेन्शनच्या पात्रतेचे १९८२ चे नियम लागू होतात. 'मला काही मेडिकलवर काढले नाही, मी मुदत पूर्ण करून आलो' असे वाटून पुष्कळ जवान इथेच माघार घेतात. पण भरतीपेक्षा खालच्या मेडिकल कॅटेगरीत निघालेला सैनिक आजारपणामुळे निघाला असेच धरायचे, हे त्याच नियमांत लिहिले आहे. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणखी स्पष्ट केले : भरतीवेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीतच जडला असे गृहीत धरायचे. संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. बोर्डाला तसे म्हणायचे असेल तर कारणे द्यावी लागतात, आणि शंका राहिली तर फायदा जवानाला.

'पीस स्टेशनला सापडला' हे कारण मला लंगडे वाटते. बी.पी. काही गोळी लागल्यासारखा एका दिवसात होत नाही. पोस्टिंगची यादी समोर ठेवली की काश्मीरची पावणेतीन वर्षे आपोआप बोलतात. मात्र बोर्डाच्या कागदात वजन, सिगारेट, घराण्यातला आजार अशी कारणे सविस्तर लिहिलेली असतील, तर लढाई अवघड होईल. तो कागद पाहिल्याशिवाय कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पैशांचे गणित असे. १०० टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे तुमच्या ३० टक्क्यांना ९ टक्के. पण २० ते ५० मधले अपंगत्व ५० धरायचे, हा 'राउंडिंग'चा लाभ मुदत पूर्ण करून निघालेल्यांनाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी सांगितले. मग ते ९ चे १५ होतात. अर्जात राउंडिंग वेगळे मागा, लोक विसरतात.

आता थकबाकी. पेन्शन न मिळणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून उशीर झाला तरी दार बंद होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालात आहे. तो जवान १६ वर्षांनी कोर्टात गेला होता. पेन्शन मिळाली, पण मागची थकबाकी दावा दाखल होण्याआधीच्या साधारण तीन वर्षांपुरतीच. सैनिकांचे असे दावे ऐकणारी न्यायाधिकरणे सहसा हेच माप लावतात. म्हणजे तुम्ही विचार करत बसाल तितके महिने मागच्या टोकाने गळत जातील. पुढची पेन्शन मात्र आयुष्यभराची आहे, खरा फायदा तिथे आहे.

म्हणून याच आठवड्यात दोन टपाल करा. एक, तुमच्या रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज : रिलीज मेडिकल बोर्डाचे संपूर्ण कागद, भरतीवेळची तपासणी, पोस्टिंगचा तपशील आणि २००८ च्या पत्राची प्रत. दुसरे, त्या नकाराविरुद्धचे पहिले अपील, रजिस्टर पोस्टाने. अपिलाची मुदत कधीच उलटली आहे, तरीही उशीर माफ करण्याची विनंती करून पाठवा. कागद येईपर्यंत थांबू नका. अपील फेटाळले, किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, की सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जाता येते. तिथेही विलंब माफीचा अर्ज सोबत लागेल. अपिलाचा मसुदा जमत नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, एजंटाला नको.

आणि ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमधून बी.पी.च्या गोळ्या घेत असाल, तर त्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स काढून जोडा. आजार अजून चालू आहे हे त्यांच्याच शिक्क्यानिशी दिसेल.