मराठीचा इथे उपयोग काय?

सानू बाळा, परवा गाडीत तू म्हणालीस ना, वर्गातली वांजिरू घरी इंग्लिशच बोलते, तिला तिच्या आजीची किकुयू येतही नाही, मग आपणच काय सारखं मराठी मराठी करायचं, नैरोबीत तिचा उपयोग काय? तेव्हा गप्प बसले, पण लागलं गं मला ते.

आमच्या साताऱ्याच्या शाळेत मराठी बोललं की 50 पैसे फाइन. मॉनिटर मधल्या सुट्टीतसुद्धा कान देऊन फिरायची आणि फळ्याच्या कोपऱ्यात नावं लिहायची. आणि त्याच दिवशी दिवेलागणीला माईपणजी आम्हाला ओळीत बसवून परवचा म्हणून घ्यायची, शुभंकरोति झालं की पाढे, मग पावकी, निमकी, दीडकी... नंदूमामा अडीचकीला हटकून अडायचा आणि माई वाती वळता वळता, मान वर न करता पुढचं सांगायची. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

आपण लिमुरूचे चहाचे मळे बघितले ना, तिथलेच लेखक न्गुगी वा थिओंगो. 1952 ला इंग्रजांनी आणीबाणी लावली, शाळा ताब्यात घेतल्या, मग शाळेत किकुयू बोललं की छडी, नाहीतर गळ्यात 'मी गाढव आहे' लिहिलेली पत्र्याची पाटी. एका पोराकडे बटण द्यायचे, किकुयू बोलताना जो सापडेल त्याच्याकडे ते सरकवायचं, शेवटी ज्याच्याकडे बटण त्याने कोणाकडून आलं ते सांगायचं, की सगळी साखळी सापडली. आमच्या फाइनची त्याच्याशी बरोबरी नाही करत मी, इथे लोकांच्या जमिनी गेल्या, माणसं छावण्यांत डांबली. पण मित्रानेच मित्राला पकडून द्यायचं, ते ओळखीचं वाटलं.

पुढे इंग्लिशमध्ये एवढं नाव झालेलं असताना त्यांनी 'जेम्स' हे आपलं ख्रिस्ती नाव टाकून दिलं, गावच्या शेतकरी-कामगारांना घेऊन किकुयूत नाटक केलं. 1977 च्या शेवटी तुरुंगात टाकलं, तेही स्वतंत्र केनियाच्या सरकारने! तिथे टॉयलेट पेपरवर किकुयूत कादंबरी लिहिली त्यांनी. 2025 मध्ये गेले.

तुझ्याकडून असलं काही नकोय मला. उलट कधीकधी वाटतं, इंग्लिश, स्वाहिली, वर फ्रेंच, त्यात ही, उगाच ओझं तर देत नाही ना तुला? पण वांजिरूच्या आजीची भाषा मारून मारून काढायला बघितली. आपली कोणी हातसुद्धा न लावता, नुसती वापरायची राहून जाईल, ते सोसत नाही बघ.

उपयोगाचं उत्तर माझ्याकडे नाही. याला तू इंग्लिशमध्ये उत्तर लिहिलंस तरी चालेल, खरंच. फक्त रविवारी आजीचा फोन आला की तिच्याशी मराठीत बोल, अडलं तर मी आहेच शेजारी.

- आई