मेगापिक्सेल मोजू नका, स्टोरेज विचारा

नवा फोन घेताय ना, मग आधी स्टोरेज ईएमएमसी (जुना, मंद प्रकार) आहे की यूएफएस (नवा, वेगवान) ते बघा. ॲप किती पटकन उघडतं हे बरंचसं तिथेच ठरतं. जाहिरातीत मात्र हा प्रकार शोधावा लागतो. ‘व्हर्च्युअल रॅम’ हिशेबात धरू नका, ती स्टोरेजमधलीच उसनी जागा, खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या मोडमध्ये १६ पिक्सेल एकत्र करून साधारण १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. त्यापेक्षा सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) आकार आणि ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) विचारा. स्क्रीनचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) ६० वरून १२० हर्ट्झ झाला की डोळ्याला जाणवतं (फ्रेम १६.७ऐवजी ८.३ मिलिसेकंदांनी बदलते), त्यापुढचं फारसं नाही. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग उतरवतो, म्हणून बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) सलग २० मिनिटं चालवलेला बघा, एकदाचा आकडा नको.