आर्थर रॅकम या इंग्लिश चित्रकाराची परीकथांची चित्रं मुळातच इतकी मातकट होती, की जुनी झाल्यामुळे रंग उतरले?

मुळातच तशी होती. कागद पिवळा पडला असेल, पण तो तपकिरी धूसरपणा पहिल्या दिवसापासूनचा आहे. मी बरीच वर्षं छापखान्यात काढली, म्हणून आधी छपाईचंच सांगतो.

रॅकमच्या आधीच्या पिढीत चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरून घ्यावं लागे. १८६५ च्या ‘ॲलिस इन वंडरलँड’मधली जॉन टेनिएल या चित्रकाराची चित्रं डॅल्झिएल बंधूंनी कोरली. म्हणजे रेष चित्रकाराची, पण वाचकाला दिसायची ती कोरणाऱ्याच्या हातची. मग फोटोवरून ब्लॉक, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, व्हायला लागले आणि त्यामागून तिरंगी हाफटोन, म्हणजे बारीक ठिपक्यांतून छटा दाखवणारी छपाई आली. पिवळा, तांबडा, निळा असे तीन ब्लॉक एकावर एक छापायचे. काळ्याचा ब्लॉकच नाही! सावली या तिघांच्या मिश्रणातून यायची, आणि ती तपकिरीकडे झुकायची.

रॅकमला ही छपाई फार मानवली. तो शाईच्या रेषेनं चित्र पूर्ण बांधायचा आणि वर पातळ, पारदर्शक रंगांचे हात द्यायचा. छपाईत रंग जरासे फिके आले तरी रेष आकार धरून ठेवते. झाडाच्या गाठीत चेहरा दिसतो, मुळांना बोटं फुटतात, ते सगळं रेषेचं काम. १९०६ सालच्या केन्सिंग्टन बागेतल्या पीटर पॅनच्या पुस्तकात त्याची ५० रंगीत चित्रं आहेत. त्यातलं एक मला अतिशय आवडतं: चिमुकले कामकरी करवतीनं कुत्र्याची छत्री कापत होते, आता घाबरून हत्यारं तिथंच टाकून पळतायत. रॅकम आधी विमा कंपनीत कारकून होता आणि संध्याकाळी चित्रकला शिकायचा. कष्टकऱ्यांची धांदल त्यानं इतक्या मायेनं काढली आहे, की मी त्या चित्रापाशी दर वेळी थांबतो.

हाफटोनला गुळगुळीत आर्ट पेपर लागतो, म्हणून ही चित्रं वेगळी छापून जाड कागदावर चिकटवत आणि वर पातळ झिरझिरीत कागद ठेवत. जुनी प्रत हाती आली तर चित्रावर भिंग धरा, तिन्ही रंगांचे ठिपके स्पष्ट दिसतील.

नवी आवृत्ती घेणार असाल तर ‘रंग उजळवलेली’ मात्र घेऊ नका. त्या उजळपणात रॅकमचं धुकं जातं आणि झाडातले अर्धे चेहरेही दिसेनासे होतात.